ठिबक तुंबवणारा कॅन: केळीबागेतून समुद्री शेवाळाच्या जातींपर्यंत

प्रकरण रावेर तालुक्यातल्या एका केळीबागेचं आहे. कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची) लागवड, ग्रँड नाइन या वाणाची टिश्यू कल्चर रोपं, पाच बाय पाच फुटांचं अंतर, म्हणजे एकरी १,७४० च्या आसपास झाडं. पाणी कूपनलिकेचं आणि जड. इनलाइन नळ्या, ताशी ४ लिटरचे ड्रीपर, डिस्क फिल्टर, खत सोडायला व्हेंचुरी. तापीकाठच्या कुठल्याही बागेत दिसेल अशीच मांडणी. दर पंधरवड्याला एकरी १ लिटर ‘समुद्री शेवाळ अर्क’ ठिबकमधून जात होता आणि मजुराचा एक फेरा वाचावा म्हणून त्याच दिवशी ५ किलो कॅल्शियम नायट्रेटही.

पहिला कॅन संपेपर्यंत काही झालं नाही. दुसरा कॅन त्याच नावाचा, त्याच लेबलचा, फक्त बॅच वेगळी. तो सोडल्यावर तासाभरात फिल्टरच्या आधीचा दाब चढला, नंतरचा पडला आणि ओळींच्या शेवटची झाडं कोरडी राहिली. नळीचं टोक सोडलं तेव्हा तपकिरी, बुळबुळीत, बोटात धरून ओढले तर लांबणारे गोळे बाहेर आले. बागेत लगेच दोन तर्क निघाले: नळीत शेवाळ धरलं, नाहीतर क्षार बसले. क्षारांवरचा नेहमीचा इलाज म्हणून आम्ल सोडलं, तर गोळे आणखी घट्ट झाले.

बागायतदाराने विचारलं ते नेमकं होतं: “औषध तेच, माप तेच, पाणी तेच. मग मागच्या वेळी का नाही तुंबलं?” उत्तर एकच असू शकतं. औषध तेच नव्हतं. लेबलवरचं नाव तेवढं तेच होतं.

नळीत काय झालं

कॅल्शियम नायट्रेट आधी २० लिटरच्या बादलीत विरघळवलं जायचं, त्यातच अर्क ओतायचा, ढवळायचं आणि मग सगळं ड्रममध्ये. बिघाड बादलीतच झाला. ५ किलो खत २० लिटरमध्ये म्हणजे कॅल्शियम अतिशय दाट. तपकिरी समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तीत अल्जिनिक आम्ल असतं. कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीत शेवाळ शिजवलं की ते पोटॅशियम अल्जिनेट होऊन पाण्यात उतरतं आणि अर्क दाटसर दिसतो. या अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की दोन-दोन साखळ्या कॅल्शियमच्या कणांनी एकमेकींना जखडल्या जातात आणि न विरघळणारी जेली तयार होते. ड्रमात पाणी वाढवलं तरी ती परत सुटत नाही. तुकडे होतात, ते डिस्कच्या खाचांत बसतात, आणि जे निसटतात ते ड्रीपरच्या वळणात अडकतात.

आम्लाने काम का बिघडलं तेही यातूनच कळतं. क्षारांचा, म्हणजे कार्बोनेटचा, थर आम्लात विरघळतो. अल्जिनेटच्या जेलीतलं कॅल्शियमही आम्ल काढून घेतं, पण मागे उरतं ते अल्जिनिक आम्ल, आणि तेही पाण्यात न विरघळणारंच. जेली आकसून चिवट होते.

पहिल्या कॅनमध्ये अल्जिनेट असतं तर पहिल्याच फेऱ्याला हेच झालं असतं. म्हणजे पहिल्या कॅनमधलं शेवाळ तपकिरी गटातलं नसणार, असा अंदाज निघाला.

अर्ध्या तासाची ग्लासातली चाचणी

दोन्ही कॅनचे तळ शिल्लक होते. चार काचेचे ग्लास, एक सिरिंज, कॅल्शियम नायट्रेट, पांढरं व्हिनेगर आणि ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, मोजणारं मीटर एवढंच सामान लागलं. २०० मिली पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात सिरिंजने अर्काचा थेंब-थेंब सोडायचा. दुसऱ्या कॅनचा थेंब पाण्यात पडताच शेपटीसकट गोठला, ग्लासाच्या तळाशी तपकिरी मणी आणि दोरे जमले, चमच्याने उचलले तरी आकार टिकला. पहिल्या कॅनचा थेंब नुसता पसरून विरून गेला. ईसी मात्र पहिल्याचीच जास्त निघाली आणि त्याचा वास खाऱ्या पाण्याचा होता.

या चाचणीत एक फसगत होते. ह्युमिक आम्ल मिसळलेला काळाकुट्ट अर्कही कॅल्शियममध्ये फाटतो आणि व्हिनेगरमध्ये गाळ टाकतो. फरक बोटांना कळतो. ह्युमिकचा गाळ काळपट, भुसभुशीत असतो, चिमटीत चुरतो, आणि वरचं पाणी फिकट होतं. अल्जिनेटचा गाळ पारदर्शक झाक असलेला, लवचिक, निसरडा असतो. अर्क गडद आहे म्हणून तो चांगला, असं दुकानात सांगितलं जातं, त्याला काही आधार नाही. अर्काला काळेपणा प्रक्रियेतून येतो किंवा ह्युमिकमधून, शेवाळाच्या ताकदीतून नाही. खत नियंत्रण आदेशात २०२१ साली जैव उत्तेजकांसाठी सहावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात समुद्री शेवाळाचे अर्क आणि ह्युमिक-फुल्विक आम्लं हे वेगवेगळे वर्ग आहेत. दोन्ही एकाच कॅनमध्ये असतील तर तसं लेबलवर दिसलं पाहिजे.

‘शेवाळ’ या एका नावाखाली कोण कोण

विक्रेत्यामार्फत दोन्ही बॅचच्या कच्च्या मालाचे सुके नमुने मागवले आणि ते आले. पहिला नमुना कप्पाफायकस अल्वारेझी हे लाल गटातलं शेवाळ, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणारं. दुसरा सारगॅसम, तपकिरी गटातलं, किनाऱ्यावरून गोळा केलेलं. उपलब्धतेप्रमाणे कच्चा माल बदलला गेला होता आणि लेबल तेच राहिलं होतं.

हा बदल किती मोठा आहे हे नीट समजून घ्यायला हवं. लाल आणि हिरवी समुद्री शेवाळं आणि आपली जमिनीवरची झाडं एका मोठ्या कुळात बसतात. तपकिरी शेवाळं त्या कुळात नाहीतच. त्यांची जवळची भावकी म्हणजे केवडा रोग आणणारे बुरशीसारखे जीव. म्हणजे सारगॅसम हे नात्याने केळीपेक्षा बाजरीवरच्या गोसावी रोगाच्या कारकाला जवळचं आहे. समुद्रात राहणं, पानासारखं दिसणं आणि प्रकाशावर जगणं एवढंच या तिन्ही गटांत सारखं. पेशीभित्ती वेगळी, साठवणीची साखर वेगळी. तपकिरीत अल्जिनेट, फ्युकॉइडन, लॅमिनॅरिन, मॅनिटॉल. लालमध्ये कॅरॅजीनन किंवा अगार. हिरव्या उल्वात उल्वान. कप्पाफायकसचा शेतीतला अर्क बहुधा ताजं शेवाळ दळून, गाळून काढलेला रस असतो. त्यात पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर, म्हणून ईसी चढी. कॅरॅजीनन गरम पाण्याशिवाय फारसं सुटत नाही, ते चोथ्यात राहतं आणि चोथा पुढे कॅरॅजीनन काढायला जातो. त्यामुळे हा रस कॅल्शियममध्ये गोठत नाही.

बाजारात तिसरं नाव दिसतं ते अ‍ॅस्कोफायलम नोडोसम. हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरचं, नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाकडचं तपकिरी शेवाळ. भारतात ते उगवत नाही. लेबलवर अ‍ॅस्कोफायलम आणि किंमत देशी मालाची, असं दिसलं तर आयातीचा कागद मागावा.

दिसणं आणि असणं

सारगॅसमचा सुका नमुना तळहातावर चुरा वाटतो. तो ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम जाडं मीठ घालून, अर्धा-पाऊण तास ठेवला की उलगडतो. साध्या पाण्यात टाकला तर पेशी फुगून फुटतात आणि कडा विरघळल्यासारख्या दिसतात. उलगडलेला नमुना पांढऱ्या ट्रेमध्ये पसरल्यावर त्यात तीन ‘झाडं’ दिसली: रुंद, दातेरी, मध्यशीर ठळक असलेली पानं, बोटभर लांब अगदी अरुंद पानं, आणि पानं जवळपास नसलेले, हवेच्या फुग्यांनी आणि शेंगांसारख्या गुच्छांनी लगडलेले तुकडे. पहिल्या नजरेला या तीन जाती वाटतात. भिंगाखाली पानांवरचे बारीक ठिपके आणि देठाचा आडवा छेद पाहिला, दोन-तीन अखंड तुकड्यांवर खालची रुंद पानं वर जात अरुंद होताना दिसली, तेव्हा स्पष्ट झालं: एकाच झाडाचा खालचा, वरचा आणि फळता भाग.

सारगॅसमच्या वर्गीकरणाचा सगळा इतिहास या घोळाने भरला आहे. पानाची रुंदी, दाते, फुग्याचा आकार यांवरून जुन्या अभ्यासकांनी शेकडो नावं दिली. पुढे कळलं की लाटांचा मारा, खडकाची खोली, वय आणि ऋतू यांप्रमाणे एकाच जातीत ही लक्षणं बदलतात, आणि कित्येक नावं एकमेकांत मिसळावी लागली. कोकणात पावसाळ्यानंतर फुटणारं सारगॅसम आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचं सारगॅसम शेजारी ठेवलं तर अनोळखी माणूस दोन नावं देईल.

अर्काच्या दृष्टीने हा केवळ नावाचा वाद नाही. अल्जिनेटच्या साखळीत दोन प्रकारची आम्लं असतात, मॅन्युरॉनिक आणि गुलुरॉनिक. कॅल्शियमला घट्ट पकडणारं ते गुलुरॉनिक. त्यांचं प्रमाण जातीगणिक बदलतं आणि एकाच जातीत भागागणिकही. लॅमिनेरिया हायपरबोरिया या उत्तरेकडच्या शेवाळाच्या देठात गुलुरॉनिक जास्त, म्हणून कडक जेली; पात्यात कमी, म्हणून मऊ. मॅनिटॉल आणि लॅमिनॅरिन ऋतूप्रमाणे चढतात-उतरतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन बॅचनाही एकच मानता येत नाही.

उल्वाचं उदाहरण तर याहून पुढचं. पानासारखं पसरट ते उल्वा आणि नळीसारखं पोकळ ते एन्टेरोमॉर्फा, अशा दोन प्रजाती फार काळ वेगळ्या मानल्या गेल्या. २००३ मध्ये जनुकीय पुराव्यावर दोन्ही उल्वातच घातल्या, कारण नळी आणि पान हे रूप एकाच वंशात उलटसुलट झालेलं दिसलं. त्या रूपासाठी सोबतचे जिवाणूही लागतात. प्रयोगशाळेत जिवाणू काढून वाढवलेला उल्वा पातं धरत नाही, सैल पेशींचा गोळा होतो. म्हणजे आकार ठरवण्यात जनुकांसोबत शेजाऱ्यांचाही हात.

उलटी बाजूही तितकीच खरी: दिसायला एक, आतून वेगळं. कप्पाफायकसच्या लागवडीत अल्वारेझी म्हणून वाढवलं जाणारं मलेशियातलं एक शेवाळ जनुकीय तपासणीत स्वतंत्र जात निघालं आणि २०१४ मध्ये त्याला कप्पाफायकस मलेसियानस हे नाव मिळालं. लाल गटातल्या काँड्रस क्रिस्पसमध्ये तर एकाच जातीच्या दोन पिढ्या, लिंगपेशी देणारी आणि चतुष्बीजाणू देणारी, दिसायला जवळपास सारख्या असतात. पण एकीत जेली धरणारं कॅरॅजीनन, दुसरीत न धरणारं. जात बरोबर ओळखूनही रसायन चुकू शकतं ते इथे.

कप्पाफायकसचं ‘बियाणं’ आणि ग्रँड नाइन

पहिल्या कॅनच्या कच्च्या मालाकडे परत येऊ. कप्पाफायकसचे हिरवे, तपकिरी आणि लाल असे रंगप्रकार लागवडीत दिसतात आणि ते वेगळ्या जाती आहेत असा समज होतो. जगभर लागवडीत असलेल्या अल्वारेझीचा बहुतेक साठा मायटोकाँड्रियाच्या जनुकीय खुणेवरून एकाच प्रकारात मोडतो. रंग कोणताही असो. भारतात हे शेवाळ १९८४ मध्ये जपानमार्गे आलं, भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने ते रुळवलं आणि पुढे रामनाथपुरम जिल्ह्यात मंडपमच्या परिसरात त्याची लागवड पसरली. पद्धत अशी: ३ बाय ३ मीटरचा बांबूचा तराफा, त्यावर २० दोऱ्या, प्रत्येक दोरीला २० तुकडे, प्रत्येक तुकडा १५० ग्रॅमचा. म्हणजे तराफ्याला ६० किलो बियाणं. साधारण ४५ दिवसांनी काढणी, त्यातलंच ६० किलो पुन्हा बांधायचं. बीजाणू नाही, मिलन नाही. तोडायचं आणि बांधायचं.

केळीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ग्रँड नाइन आणि आधीची बसराई दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या, तीन गुणसूत्रसंचांच्या, बी न धरणाऱ्या. कंद असो की टिश्यू कल्चर, पुढची बाग मागच्या बागेची नक्कलच. अशा पिकाचा फायदा एकसारखेपणा, आणि तोटाही तोच. टिश्यू कल्चरमध्ये वरचेवर उपकल्चर केल्यावर जी बुटकी किंवा पट्टेदार पानांची रोपं निघतात, तसे बदल तुकड्यांनी वाढणाऱ्या शेवाळातही साचतात. पण उष्णता सोसणारं काही त्यातून आपोआप निघेल हा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूत २०१३ नंतर समुद्राचं पाणी तापल्याने कप्पाफायकस मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं. फांद्या पांढऱ्या पडून गळणारा ‘आइस-आइस’ रोगही ताणातल्या पिकालाच धरतो. केंद्राच्या मत्स्य विभागाने २०२४ मध्ये जिवंत समुद्री शेवाळाच्या आयातीची नियमावली काढली, ती नवं बियाणं यावं म्हणून.

या बागेशी त्याचा संबंध सरळ आहे. लागवडीचं शेवाळ कमी पडलं की कारखाना गोळा केलेल्या सारगॅसमकडे वळतो, आणि मंडपमच्या समुद्रातल्या उष्णतेचा परिणाम रावेरच्या फिल्टरमध्ये दिसतो.

डीएनए तपासणी करावी का

इथे केली नाही. तपकिरी की लाल एवढंच ठरवायचं होतं आणि त्याला ट्रे, भिंग आणि ग्लास पुरले. जातीपर्यंत जायचं असेल, समजा पुरवठादाराशी कराराने माल ठरवायचा असेल, तर डीएनए लागतो. पण तो कॅनमधून मिळत नाही. अल्कलीत शिजलेल्या अर्कात डीएनएचे तुकडे-तुकडे झालेले असतात. कच्चा माल हवा, तोही नीट सुकवलेला. ताज्या शेंड्याचा २-३ सेंटीमीटर तुकडा, वरचे जीव आणि वाळू घासून काढलेला, टिपकागदाने कोरडा केलेला, नमुन्याच्या दहापट सिलिका जेलमध्ये. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला नमुना यासाठी वाया गेलाच समजा. डीएनए वेगळा काढताना शेवाळाच्या चिकट शर्करा त्याच्यासोबत येतात आणि पुढची अभिक्रिया अडवतात, म्हणून डीएनए काढण्याची सीटॅब पद्धत आणि जास्तीची धुलाई. लाल शेवाळाला सीओआय हा जनुकभाग चालतो, कप्पाफायकसच्या वाणांसाठी कॉक्स २-३ मधला तुकडा, हिरव्यांना टफ-ए. सारगॅसमला सीओआय एकट्याने पुरत नाही, जाती फार जवळच्या आहेत. आयटीएस-२ सोबत घ्यावा लागतो, आणि तरीही बाह्य लक्षणांची नोंद सोडता येत नाही.

नळ्या कशा सोडवल्या

आम्ल बंद. डिस्क फिल्टरच्या चकत्या सुट्या करून ट्रायसोडियम सायट्रेटच्या द्रावणात, लिटरला १५ ते २० ग्रॅम, रात्रभर भिजवल्या आणि मऊ ब्रशने घासल्या. सायट्रेट कॅल्शियमला स्वतःकडे ओढतं आणि जेली पुन्हा विरघळते. इथे सायट्रिक आम्ल चालत नाही, सायट्रेटच हवं. दुकानात दोन्हींच्या पुड्या सारख्याच दिसतात. नळ्यांची टोकं सोडून आधी पूर्ण दाबाने पाणी काढलं, मग ओळीओळीने सायट्रेटचं द्रावण भरून चार तास थांबलं आणि टोकांतून बांधाबाहेर सोडलं, कारण सोडियम झाडाच्या मुळाशी नको. धुण्याच्या सोड्याने जेली सुटते, पण कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ नवा बसतो. शेवटच्या टप्प्यातले पूर्ण बंद झालेले नळीचे तुकडे कापून बदलावे लागले. सोडवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पुढचं वेळापत्रक बदललं. कॅल्शियम नायट्रेट आणि अर्क वेगळ्या दिवशी, आणि एक सोडून झाल्यावर नळ्या धुवायला किमान २० मिनिटं नुसतं पाणी. नवा कॅन आला की आपल्याच कूपनलिकेचं पाणी बाटलीत घेऊन ड्रममधल्या प्रमाणात अर्क घालायचा आणि तासभर ठेवायचं. पाणी फार जड असेल तर खताशिवायही धागे धरतात. तसं दिसलं तर तो अर्क ठिबकला नको, फवारणीसाठी वापरावा आणि तेही गाळून. पुरवठादाराकडून प्रत्येक बॅचला लेखी हवं: शेवाळाची जात, किनारा, काढणीचा महिना, रस की अल्कलीतला अर्क, अल्जिनिक आम्ल, पोटॅश, क्लोराइड, सामू (पीएच). सारगॅसमच्या मालात आर्सेनिकचा अहवालही मागावा. हे शेवाळ समुद्रातलं आर्सेनिक धरून ठेवतं.

अर्काचा केळीवर परिणाम होतो की नाही, हा बागायतदाराचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर दोन कॅन एकामागून एक वापरून मिळत नाही. त्यासाठी बागेत चार वागणुका, म्हणजे तुलनेसाठी झाडांना चार वेगळ्या गोष्टी देणं: नुसतं पाणी, कप्पाफायकसचा रस, सारगॅसमचा अर्क, आणि रसात जेवढं पोटॅश आहे तेवढंच पोटॅश साध्या खतातून. ही चौथी वागणूक सगळे गाळतात, आणि तिच्याशिवाय रसाने दिसलेली वाढ शेवाळाची की पोटॅशची हे ठरत नाही. प्रत्येकीला २० झाडांच्या तीन जागा, बागेच्या वेगवेगळ्या भागांत. कडेच्या ओळी सोडून. बुटकी निघालेली रोपं आणि हरण्या रोग आलेली झाडं मोजणीतून आधीच काढावीत. जमिनीपासून एक फुटावर बुंध्याचा घेर, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी हिरवी पानं, निसवणीची तारीख आणि फण्या, एवढ्या नोंदी पुरतात. घडाचं वजन घ्यावंच, पण निकाल त्यावर लावू नये. कांदेबागेच्या वजनात थंडी, करपा आणि पाण्याच्या पाळ्या इतक्या मिसळलेल्या असतात की एका लिटर अर्काचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.